नजर सांगते, कसोटी ठरवते

काही वर्षांपूर्वी रमजान मे महिन्यात आला होता. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. असरची नमाज झाली होती, इफ्तारला अजून दोन तास होते आणि मोहल्ल्यातल्या एका रिकाम्या गाळ्यात आम्ही राशनच्या पिशव्या मोजत होतो. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, शेवया, खजूर. विधवा बाया, अंथरुणाला खिळलेली माणसं, काम सुटलेले मजूर अशांची यादी आधीच तयार होती. पिशव्या चाळीस हव्या होत्या. मोजल्या तर अडतीस भरल्या. पुन्हा मोजल्या. अडतीसच.

कमिटीचा सेक्रेटरी मी होतो. मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त मान वर केली आणि एका पोराकडे पाहिलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. नाल्यापलीकडच्या वस्तीतून यायचा, रोजा धरून दिवसभर पोती उचलायचा. कधीकाळी एका किराणा दुकानात काही उचलताना तो सापडला होता, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. माझ्या नजरेपाठोपाठ बाकी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तो काहीच बोलला नाही. हातातली सुतळी खाली ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला.

त्या क्षणी मला जराही शंका नव्हती. आतून कुणीतरी स्पष्ट सांगत होतं, हाच. तीस वर्षं शाळेत पोरं हाताळलेला माणूस मी, चेहरा वाचता येतो असं लोकही म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी कळलं, दोन पिशव्या आमच्याच एका ज्येष्ठ सभासदाने सकाळी दोन घरी पोचत्या केल्या होत्या. वहीत लिहायचं राहून गेलं होतं. हिशेब जुळला. पोरगा मात्र त्या संध्याकाळी आला नाही, त्यानंतरही नाही.

वाचकहो, आज हे सांगण्याचं कारण एवढंच की रमजानमध्ये आपल्यातले कितीतरी जण कुठली ना कुठली जबाबदारी अंगावर घेतात. कुणी इफ्तारची व्यवस्था पाहतं, कुणी जकातीचा हिशेब, कुणी दवाखान्यात रक्तदानाचं शिबिर लावतं. एरवीही कुणी सरपंच असतं, कुणी मुख्याध्यापिका, कुणी बचत गटाची अध्यक्ष, कुणी कारखान्यात मुकादम. पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मंच आणि माइक येतो. पण ज्याच्या एका नजरेने दुसऱ्याची पत वाढते किंवा जाते, तो प्रत्येक माणूस त्या घटकेला पुढारीच असतो. अशा माणसाला रोज निर्णय करावे लागतात, आणि पुष्कळ निर्णय कागद तपासून नाही, तर 'आतून वाटतं' म्हणून होतात. त्या आतल्या आवाजाचं काय करायचं, हा माझा त्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

केळीचा घड आणि माणसाचा चेहरा

आतला आवाज म्हणजे निव्वळ थाप, असं मला म्हणायचं नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात जाऊन पाहा. केळीची कापणी करणारा जुना माणूस बागेत शिरतो, घडाकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, हा आज, तो चार दिवसांनी. त्याला विचारलं की कसं कळलं, तर हसतो. फार खोदून विचारलं तर सांगेल की फळाच्या कडा भरून गोल व्हायला लागल्या की समजायचं. पण तो हे मनात म्हणत बसत नाही. त्याच्या डोळ्याने हजारो घड पाहिलेत, आणि त्यातला महत्त्वाचा भाग असा की चुकला तर त्याला कळतं. माल उत्तरेकडच्या मंडईत पोचेपर्यंत वाटेतच पिकला किंवा पोचूनही कच्चा राहिला, तर आठवडाभरात व्यापाऱ्याचा फोन येतो. असे फोन ऐकत ऐकत त्याची नजर तयार झालेली असते.

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्या जवानांच्या प्रमुखांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्याने नोंदवलेला एक प्रसंग जगभर सांगितला जातो. एका घरात स्वयंपाकघराला आग लागलेली. जवान आत जाऊन पाणी मारत होते, पण आग हटत नव्हती. प्रमुखाला काहीतरी विचित्र वाटलं. का ते त्यालाही सांगता येईना, पण त्याने सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढलं. ते बाहेर पडले आणि घराची जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. त्या प्रमुखाला वाटायचं, आपल्याला काही दैवी शक्ती आहे. क्लाइनने त्याच्याशी बोलून उलगडा केला: खोली गरजेपेक्षा जास्त तापली होती आणि एवढ्या आगीच्या मानाने आवाज फार कमी होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे न जुळणं त्याच्या मनाने टिपलं होतं, शब्द सापडायच्या आधीच.

दुसरीकडे डॅनियल कानेमन. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले हे गृहस्थ १९५५ मध्ये इस्रायलच्या सैन्यात तरुण अधिकारी होते. अधिकारी व्हायला कोण लायक, हे निवडण्याचं काम त्यांच्याकडे आलं. अनोळखी जवानांच्या टोळीला एक जड ओंडका भिंतीपलीकडे न्यायला सांगायचा आणि कोण पुढाकार घेतो, कोण रुसतो, कोण हार मानतो ते पाहायचं. पाहणाऱ्यांना वाटायचं, माणूस आपल्यापुढे उघडा पडलाय. पुढे प्रशिक्षण शाळेतून त्या जवानांच्या कामगिरीचे अहवाल यायचे, तेव्हा दिसायचं की यांचे अंदाज डोळे मिटून मारलेल्या अंदाजांपेक्षा फारसे बरे नाहीत. गंमत पुढेच आहे. अहवाल वाचूनही दुसऱ्या दिवशी नवी टोळी आली की हे लोक तितक्याच खात्रीने अंदाज करायचे. मनाची खात्री आणि अंदाजाचा खरेपणा यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

एकाचा आतल्या आवाजावर भरवसा, दुसऱ्याचा अविश्वास. दोघांनी कित्येक वर्षं वाद घातला आणि २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. त्याचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर असा: जिथे गोष्टी काही नियमाने घडतात आणि जिथे चुकलं की लवकर कळतं, तिथे अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. जिथे या दोन गोष्टी नाहीत, तिथे नुसत्या खात्रीला किंमत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझा तो मे महिना आठवला. केळी कापणारा चुकला तर फोन येतो. मी माणसाबद्दल चुकलो तर फोन येत नाही. माणूस फक्त यायचं बंद करतो. आणि त्याच्या न येण्याचा अर्थ मी काय लावला असता? 'बघा, मी म्हटलंच होतं.' दोन पिशव्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी जुळला नसता, तर मी आजही माझ्या पारखी नजरेचं कौतुक करत बसलो असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा अनुभव तीस वर्षांचा असू शकतो आणि त्या तीस वर्षांत त्याची एकही चूक त्याच्यापर्यंत परत आलेली नसते. कारण ती सांगायला येणार कोण?

धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

हा प्रश्न घेऊन फार लांब जावं लागत नाही. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली सविनय कायदेभंगाचे राजबंदी कोंडलेले होते. त्यांत विनोबा भावे होते, अमळनेरचे साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी, असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत होते. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं.

पहिल्याच प्रवचनात विनोबांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. या न्यायाधीशाने शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेली. एक दिवस त्याचा स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहिला, आणि न्यायाधीश फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर बोलू लागला. त्याचे मुद्दे चूक नव्हते. पण ते त्याला त्याच दिवशी सुचले, हे खरं दुखणं. बोलत होती ती माया, आणि त्याला वाटत होतं की बोलतंय ते तत्त्व. समोर बसलेले श्रोते कोण होते ते लक्षात घ्या. ज्यांच्या एका शब्दावर गावंच्या गावं उठत होती असे कार्यकर्ते. त्यांना विनोबा आधी हेच सांगत होते, की मनाचा आवाज ऐकण्याआधी तो कुणाचा आहे ते ओळखा.

साने गुरुजींनी हे नुसतं लिहून घेतलं नाही. १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर पोरांच्या अस्ताव्यस्त खोल्या पाहून ते ओरडत नसत. पोरं शाळेत गेली की स्वतः झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, धुवायचे. काही दिवसांत पोरांनाच लाज वाटू लागायची. मुलांच्या मनातलं त्यांना न सांगता कळायचं असं त्यांचे विद्यार्थी पुढे सांगत. मला वाटतं, यात चमत्कार काही नव्हता. ज्याने पोराचा मळका सदरा हाताने धुतलाय त्याला त्या पोराबद्दल पुष्कळ काही ठाऊक असतं. मी नाल्यापलीकडे एकदाही गेलो नव्हतो. त्या पोराच्या घरी किती माणसं, त्याचा बाप काय करतो, हेही मला माहीत नव्हतं. माझी 'नजर' ज्या माहितीवर उभी होती, ती एका ऐकीव गोष्टीएवढी होती.

पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. आपण ते आईचं पुस्तक म्हणून वाचतो. पण त्यात श्याम आपल्या लहानपणच्या चुका, लबाड्या, हट्ट सगळं कबूल करत जातो. लोक ज्याच्याकडे पुढारी म्हणून पाहत होते असा माणूस आपल्या सोबत्यांपुढे स्वतःची झडती घेत होता, हेही त्या पुस्तकात आहे.

सहा महिने थांबलेला आवाज

आतला आवाज कसा तपासावा, याचा धडा गुरुजींनी पंढरपुरात दिला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बंद होतं. १९४६ मध्ये गुरुजींच्या मनाने घेतलं की यासाठी प्राण पणाला लावायचे. कार्तिकी एकादशीला उपोषणाला बसायचं, असा त्यांचा निश्चय होता. आवाज आतून आला होता, तीव्र होता. पण सेनापती बापटांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की आधी महाराष्ट्रात फिरा, लोकांना समजवा, मग गरज पडली तर बसा. उपोषण सुमारे सहा महिने पुढे ढकलावं असं ठरलं आणि गुरुजींनी ते मानलं.

जरा विचार करा. ज्याला मरणाचीही भीती उरलेली नाही अशा माणसाला 'थांबा' म्हणणं आणि त्याने थांबणं, दोन्ही सोपं नाही. पण ते महिने वाया गेले नाहीत. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक सोबत घेऊन गुरुजी गावोगाव हिंडले. ठिकठिकाणची देवळं आणि पाणवठे खुले झाले. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही त्यांना समोरासमोर ऐकावं लागलं. आणि एवढं सगळं ऐकूनही आवाज तसाच राहिला, तेव्हा १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले.

मग आला खरा पेच. खुद्द गांधीजींनी तारेने कळवलं की उपोषण सोडा. ज्यांच्या हाकेसरशी गुरुजींनी नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्यांचाच हा शब्द. पण गांधीजी पंढरपुरात नव्हते आणि गुरुजींनी महाराष्ट्र पायाखाली घातला होता. त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे आपला निश्चय कायम ठेवला. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला धावले, बडव्यांशी बोलणी झाली, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंदिर खुलं होण्याचा मार्ग मोकळा होऊन उपोषण सुटलं.

हट्ट कुणाचा आणि अंतःप्रेरणा कुणाची, हे बाहेरून पाहणाऱ्याला सारखंच दिसतं. दोघेही मोठ्यांचं ऐकत नाहीत. पण गुरुजींच्या बाबतीत तीन गोष्टी घडल्या होत्या. आवाज थांबून राहिला होता आणि थांबल्याने विरला नव्हता. तो विरोधकांपुढे मांडून झाला होता. आणि निर्णय चुकला असता तर किंमत दुसऱ्या कुणी नाही, त्यांच्या स्वतःच्या देहाने मोजली असती. माझ्या त्या मे महिन्यातल्या 'हाच' या आवाजाला यातलं एकही लागू नव्हतं. तो एका श्वासाचाही थांबला नाही, मी तो कुणाला विचारला नाही, आणि किंमत मोजली ती दुसऱ्याने.

'हा हुकूम आहे की तुमचं मत?'

रमजानमध्ये बद्रची आठवण निघतेच. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, इसवी सन ६२४ मध्ये, याच महिन्यात ती लढाई झाली. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या चरित्रग्रंथांत तिथला एक छोटा प्रसंग येतो. पैगंबरांनी एका ठिकाणी तळ द्यायचं ठरवलं. हुबाब बिन मुंजिर नावाच्या साथीदाराने अदबीने विचारलं, ही जागा अल्लाहने दाखवलेली आहे, की हा तुमचा स्वतःचा लढाईतला अंदाज आहे? उत्तर मिळालं की अंदाज आहे. त्यावर हुबाब म्हणाले, मग ही जागा योग्य नाही; पुढे जाऊन शत्रूला जवळ पडणाऱ्या विहिरीचा ताबा घेऊ या. पैगंबरांनी ते ऐकलं आणि तळ हलवला.

लहानपणी हा प्रसंग मी हुबाब यांच्या हुशारीसाठी ऐकला होता. आता त्यातला प्रश्न आणि उत्तर जास्त महत्त्वाचे वाटतात. एका साध्या साथीदाराला असा प्रश्न विचारता आला, म्हणजे विचारण्याची मोकळीक तिथे होती. आणि उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या मताला हुकमाचा दर्जा दिला नाही. आपण मात्र काय करतो? कमिटीत कुणी आडवं बोललं की 'मला अनुभव आहे' म्हणतो. घरात 'मी सांगतो म्हणून' म्हणतो. आपला अंदाज आणि सत्य यांच्यातली भिंत आपण स्वतःच पाडून टाकतो.

कुरआनमध्ये सूरह हुजुरातमध्ये गुमान, म्हणजे दुसऱ्याबद्दलचा संशय, याविषयी कडक ताकीद आहे. दरवर्षी रमजानमध्ये ती तिलावत होते. मी ती कित्येकदा वाचली होती. पण गुमान म्हणजे काहीतरी वाईट, काळी, ओळखू येणारी गोष्ट असेल अशी माझी समजूत होती. तो येतो तेव्हा अनुभवाचा पोशाख घालून येतो, हे मला त्या गाळ्यात कळलं.

एक सांगायलाच हवं

साने गुरुजींची गोष्ट पंढरपुरात थांबवली तर ती सोयीची होईल, खरी होणार नाही. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. देशाच्या फाळणीनंतरच्या आणि गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांनी ते आतून फार खचले होते. त्यांच्याबद्दल निवाडा करणारा मी कोण? पण ज्यांच्या खांद्यावर इतरांची ओझी असतात त्यांच्यासाठी यात एक गोष्ट आहे. निराशेचा आवाजही आतूनच येतो. तोही खात्रीने बोलतो आणि आपलाच वाटतो. इतरांची दुःखं ऐकणाऱ्या माणसाचं दुःख ऐकायलाही कुणीतरी हवं, मित्र, घरचं माणूस, डॉक्टर. स्वतःला ओळखणं हे एकट्याने अंधारात बसून करायचं काम नाही.

वही, वेळ आणि दगड

त्या घटनेनंतर मी काही सवयी लावून घेतल्या. शिकवणी म्हणून नाही, उपयोग झाला म्हणून सांगतो.

पहिली म्हणजे वही. कुणाबद्दल मनात पक्कं मत झालं की ते तारखेसह लिहून ठेवतो. 'हा टिकणार नाही', 'ही पैसे वेळेवर आणून देईल', 'यांच्यावर भरवसा नको'. दोन-तीन महिन्यांनी पान उलटून पाहतो. केळीच्या व्यापाऱ्याचा जो फोन मला येत नव्हता, तो आता वहीतून येतो. पहिल्या वर्षीची पानं पाहून मला घाम फुटला होता. पैशाच्या आणि सामानाच्या बाबतीत माझे अंदाज ठीक निघाले. शाळकरी पोरांच्या बाबतीतही बरे निघाले, कारण ती वर्षभर डोळ्यांपुढे असतात. अनोळखी माणसाबद्दल, त्यातही आपल्यापेक्षा गरीब माणसाबद्दल, मी वरचेवर चुकलो होतो आणि नेहमी एकाच बाजूला चुकलो होतो. आपला काटा कुठल्या बाजूला झुकतो ते कळलं की निदान तेवढं वजन वजा करता येतं.

दुसरी सवय वेळेची. रोजा धरणाऱ्याला एक गोष्ट रोज शिकायला मिळते. दुपारनंतर चिडचिड होते, तेव्हा वाटतं की समोरचा माणूसच चुकतोय. मग्रिबची अजान होते, खजूर आणि घोटभर पाणी पोटात जातं आणि तोच माणूस बरा वाटू लागतो. माणूस बदललेला नसतो. मी ठरवलं की असर ते मग्रिब या वेळात कुणाच्याही इमानदारीबद्दल निर्णय करायचा नाही. रमजान सरल्यावरही तो नियम ठेवला, फक्त भुकेच्या जागी राग, घाई आणि थकवा लिहिले. विमा कचेरीतला अधिकारी असो की मुकादम, प्रत्येकाची एक 'असरची वेळ' असते. ती आपली आपण शोधायची.

तिसरी सवय बैठकीतली. पूर्वी मी आधी माझं मत सांगायचो आणि मग विचारायचो, तुमचं काय म्हणणं? सगळे माना डोलवायचे आणि मला वाटायचं मशविरा झाला. आता सर्वांत लहान वयाच्या सभासदाला आधी बोलायला लावतो. मी शेवटी बोलतो. सुरुवातीला पोरं घाबरायची. दोन-चार बैठकांनंतर त्यांनी माझ्या दोन योजना सरळ मोडीत काढल्या. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

जळगावच्या सराफ बाजारात माझ्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर होते. साठ वर्षं सोनं पाहिलेला माणूस. दागिना हातात आला की बोटांनीच त्यांना कस कळायचा. तरी ते काळा दगड पुढे ओढायचे, दागिन्याची रेघ ओढायचे, तेजाबाचा थेंब टाकायचे आणि मगच आकडा सांगायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला तर बघताच कळतं, मग हा खटाटोप कशाला?" ते म्हणाले, "भो, नजर सांगते, पण ठरवतो दगड. नजरेवर भाव केला तर एक दिवस मी बुडेन, नाहीतर गिऱ्हाईक बुडेल."

नजर टाकून द्या असं ते म्हणाले नाहीत. नजर नसती तर कुठला दागिना जरा जास्त घासून पाहायचा हेही कळलं नसतं. आतला आवाज ऐकावा तो असाच. तो आला की समजायचं, इथे काहीतरी पाहायला हवं. पाहून झालं असं समजायचं नाही.

नाल्यापलीकडे

त्या वर्षी पंचवीस-सव्वीस रोजे झाल्यावर, तरावीहनंतर, मी त्या पोराच्या घरी गेलो. इतके दिवस का लावले? कारण प्रत्येक रात्री मनाने एक नवी सबब दिली. आज उशीर झाला, उद्या जाऊ. तो विसरलाही असेल. मी नाव कुठे घेतलं होतं? तोही आतलाच आवाज होता.

पत्र्याच्या दोन खोल्या. त्याची आई दारातच शेवया भाजत होती. तिने पदर सावरला, आतून खुर्ची आणली. पोरगा बाहेर आला, सलाम केला आणि उभा राहिला. मी म्हणालो, "बेटा, चूक माझी होती. सगळ्यांदेखत झाली, म्हणून उद्या सगळ्यांदेखत माफी मागणार आहे. पण आधी तुझ्याकडे आलो."

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सकाळी चाचांनी दोन पिशव्या नेल्या, त्या त्यांच्या सायकलला मीच बांधून दिल्या होत्या."

त्या गाळ्यात असलेल्या सगळ्यांत खरी गोष्ट ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि माझ्या नजरेने नेमकं त्यालाच गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. ईदनंतर तो सुरतेला कामाला गेला, कमिटीत पुन्हा आला नाही. त्याने मला माफ केलं की नाही, हे विचारायचा अधिकार मला नाही.

या रमजानमध्येही पिशव्या भरल्या. मोजताना एक कमी आली. वेळ असरनंतरचीच होती आणि माझी नजर आपोआप वर उठत होती. मी ती वहीवर ठेवली आणि सगळ्यांना विचारलं, "एक कमी आहे. कुणाला काही माहीत आहे का?"

उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही.